सहादूच्या चाकूचं टोक

पलटणीत मी आर्मरर हवालदार होतो. हत्यारं दुरुस्त करणं हे काम. निवृत्तीनंतरचं पोस्टिंग दौंडला, घराच्या पडवीत. इथं जुने घडीचे चाकू येतात. आधी पारख, मग दुरुस्ती. पातं मूळचं आहे का, मूठ खऱ्या शिंगाची का, स्प्रिंग धरते का, ते बघायचं. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेला चाकू कुणी आणला की माझं डोकं फिरतं. शंभर वर्षांचा रंग लोक अर्ध्या तासात घालवतात.

मागच्या हिवाळ्यात, सकाळी दहाला, केंदूरचे आबा आले. माझ्या पलटणीत असताना गेलेल्या नाईक सहादूचे वडील. आमची पहिलीच भेट.

"सहादूच्या पलटणीतला म्हणून तुझ्याकडं आणला," त्यांनी चाकू पुढं केला. "माझ्या बापाचा हाय. ह्यानं मेंढरांची खुरं छाटायचा. मग सहादू पलटणीत घेऊन गेला. नवं टोक कर. सहादूची पोरगी पोलिसात लागली, तिला द्यायचाय."

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. सहादू गेल्यावर पलटणीनं घरी पाठवलेल्या सामानाची यादी. "पोरीनं वाचून दाखवलं. टोक तुटलेलं, कारण माहीत न्हाई. कशानं तुटलं असंल, रं?"

यादीवर अक्षर माझं होतं, सही माझी. आणि कारण मला माहीत होतं.

वीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी, आम्ही सहा जण बर्फाळ डोंगरात लिंक पेट्रोलवर, म्हणजे दोन चौक्यांमधल्या गस्तीवर होतो. १४१० वाजता बर्फाचा लोंढा आला. मी छातीपर्यंत गाडला गेलो. पाठीवरचा पिट्ठू खाली ओढत होता, त्याचं बकल गोठलेलं. पेट्रोल लीडर रेडिओवर बोलत होता, "एक आदमी दबा है, ओव्हर."

सहादू परत खाली उतरला. बकलात चाकू घालून उचकटलं. टोक तुटलं, बकल सुटलं. "वर सरक," म्हणाला आणि मला ढकललं. १४२५ ला दुसरा लोंढा आला, त्यात सहादू गेला. चाकू त्याच्या मुठीतच सापडला.

चार दिवसांनी त्याच्या सामानाची यादी करायचं काम माझ्याकडं आलं. खरं कारण लिहायला हात धजला नाही.

हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांनी तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"मंग केंदूरला का न्हाई आलास?"

"तोंड नव्हतं, आबा."

"त्याची आय हेच इचारत इचारत गेली. पोरगं कसं गेलं म्हणून."

 आबांनी चाकू माझ्या हातात दिला, म्हणाले, "टोक ऱ्हाऊ दे तसंच. बाकीचा चालू कर."

मी सांध्यातला गंज काढला, तेल सोडलं, स्प्रिंग बसवली. आबा शेजारी बसून होते.

"तिकडं नीट जेवायचा का त्यो?"

मग मी सांगत गेलो. डबाबंद भाजीला नावं ठेवायचा. रात्री पहाऱ्यावर उभा असताना बेसूर गायचा, सुभेदारसाहेब ओरडायचे. पोरीचा फोटो पगाराच्या पे-बुकात ठेवायचा. आबा हसले, डोळे पुसले, आणखी विचारत राहिले. दुपारची एसटी त्यांनी जाऊ दिली.

सहादू तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. आबांना सांगून झालं. त्याच्या आईला यातलं काहीच सांगता आलं नाही, ते मला आजही खातं.