पोथीला लावलेला कौल

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. माझे वडील रेडी बंदरात कारकून होते. लोखंडाची माती न्यायला येणाऱ्या बोटींवरचे खलाशी वाचून झालेली पुस्तकं टाकून देत, ती वडील माझं इंग्रजी सुधारावं म्हणून घरी आणत. आत काय आहे ते बघायची तसदी घेत नसत. त्यांतलंच एक हाती लागलं. त्यात दोन बायका एकमेकींवर प्रेम करत होत्या. मी वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. छापलेल्या पानावर आपण पहिल्यांदाच दिसलो म्हणून मी ढसाढसा रडले.

शेजारच्या मच्छीमाराची मुलगी माझ्याच वयाची. लोक तिला माझी मैत्रीण म्हणत. म्हणोत बापडे! तिला वाचता येत नव्हतं. दुपारी माडाखाली ती फाटलेली जाळी सांधायची आणि मी ते पुस्तक तिला मालवणीत सांगायची. कुणी विचारलं तर ती बेधडक सांगे, "पोथी वाचतंव."

तेवढ्यात तिला वालावलचं स्थळ आलं. तिच्या वडिलांनी देवळात कौल लावला, तो उजवा, म्हणजे होकाराचा मिळाला. पाहुणे सुपारी फोडायला येणार ठरलं.

"बापाशीन देवाक कौल लावल्यान, मी पोथीक लावतंय," ती म्हणाली. "त्या दोघींचा बरा झाला तर मी नाय म्हणतलंय."

शेवट मी आधीच वाचला होता. एक वेडी होऊन इस्पितळात जाते, दुसरी मुकाट लग्न करते. पुढे फार वर्षांनी कळलं, की असा शेवट नसेल तर तसली पुस्तकं तिकडे सहसा छापतच नसत. प्रेम हवं तेवढं विका, पण शेवटी बायांना शिक्षा करा! साहेबाची अक्कल आणि आमच्या भावकीची अक्कल, उडदामाजी काळे-गोरे काय निवडावे?

पाहुणे आले त्या दुपारी मी तिला खोटा शेवट सांगितला. दोघींनी घर घेतलं, सुखाने राहिल्या.

"तू पान उलटलंस नाय," ती म्हणाली. "खरा वाच."

वाचलं. तिने पानावर बोट ठेवलं.

"ह्या कोणी लिवल्यान?"

"आसात कोणतरी सायब."

"तेना आमका खंय बघल्यान?" ती ताडकन उठली. "असलो कौल मी मानूचंय नाय."

ती तशीच आपल्या घराच्या पडवीत गेली. मी धावत मागे, अंगणापर्यंत. पाहुण्यांसमोर तिने सांगून टाकलं, "माका लगीन नको."

"मगे काय करतलंस?" तिचे वडील ओरडले.

"हिच्यावांगडा ऱ्हवतलंय." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. त्यांत शेजारी म्हणून बोलावलेले माझे वडीलही होते. एवढं शिकलेलं इंग्रजी तिथे काही कामाचं नव्हतं. मी पायऱ्या चढले आणि सगळ्यांदेखत तिचा हात धरला.