धाकटीची गाडी आणि माझा पॉइंट

माझी धाकटी बहीण लग्न होऊन पुण्याला गेली आणि नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून बऱ्याच वर्षांनी जबलपूरला परत आली. येताना ती दोन मुलं, एक भलामोठा सोफा आणि वेगळंच मराठी घेऊन आली. आमच्या घरात 'काहून' म्हणतात, ती 'का गं' म्हणायला लागली होती. आई तिचं बोलणं ऐकताना कौतुकानं मान हलवायची. ते मला आवडत नव्हतं. आवडत नाही हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी इथेच राहिले, जबलपूरच्या गढा भागात, वडिलांनी बांधलेल्या घरात, आईबरोबर. विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचं माझं काम आहे. गॅरेजांमध्ये जायचं, वाकून, झोपून, टॉर्च मारून पाहायचं आणि या धडकेत काय मोडलं, आधीच काय मोडलेलं होतं ते सांगायचं. गाडी हा विषय घरात माझा होता. धाकटीला पंक्चर कुठल्या चाकाला झालं हेही कळत नसे.

प्लग-इन हायब्रिड हा शब्दही घरात मीच आणला. पेट्रोलवर चालते, शिवाय मोबाइलसारखी घरी चार्ज करता येते, गावातल्या गावात फिरायचं तर पेट्रोल लागतच नाही, असं मी दिवाळीत फराळाच्या वेळी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मला तशी गाडी हवी होती. नवी माझ्या आवाक्याबाहेरची, म्हणून वापरलेली शोधत होते. गाडी मिळायच्या आधीच मी पोर्चमध्ये चार्जिंगचा पॉइंट बसवून घेतला. इलेक्ट्रिशियननं भिंतीलगत खोल खड्डा खणला, मीठ आणि कोळसा भरून त्यात अर्थिंगची पट्टी पुरली. शेजारच्या आंटींनी विचारलं, "कोई पूजा है क्या?" पुढे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि गाडी मागे पडली. पॉइंट तसाच राहिला. उन्हाळ्यात त्यावर कूलर लावायचो.

संक्रांत झाल्यावर धाकटीचा फोन आला.

"ताई, तू सांगत होतीस ना, अगदी तशीच गाडी मिळतेय. मोठी, सात सीटची. एक डॉक्टर विकताहेत. तू बघायला येशील ना? तू बघितल्याशिवाय आम्ही नाही घेणार."

मी "येते" म्हणाले. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काहून चेहरा असा केला?"

"कुठे काय," मी म्हणाले. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

रविवारी सकाळी मुलं सोडून आम्ही सगळे कॅन्टोन्मेंटकडच्या एका जुन्या बंगल्यावर गेलो. आईसुद्धा आली. माझी आताची छोटी गाडी घ्यायच्या वेळी तिला यायला जमलं नव्हतं, आज ती नवी साडी नेसून आली होती. गाडी विदेशी होती, राखाडी रंगाची, आंब्याच्या झाडाखाली उभी. मी रोज ज्या गाड्यांचे फोटो पाहत होते त्यांतलीच एक उठून इथे येऊन उभी राहावी तसं झालं.

डॉक्टर रिटायर झालेले होते. मुलीकडे बेंगळुरूला कायमचे चालले होते. "आराम से देखिए," म्हणून ते व्हरांड्यात जाऊन बसले.

मी आरामातच पाहिलं. बॉनेटच्या बोल्टांना पाना लागलाय का पाहिलं, लागला असला की रंग उडालेला दिसतो. दारांच्या फटींतून बोट फिरवलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढले. गाडी कधी पाण्यात बुडाली असेल तर पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ राहते. गालिच्याखाली हात घालून गंज चाचपला. जमिनीवर जुनी चादर पसरून गाडीखाली गेले. एरवी कामावर गाडीत खोट निघावी की निघू नये याचा मी विचारही करत नाही. त्या दिवशी मला खोट हवी होती.

मिळेना. तोवर धाकटी मधल्या रांगेत बसून जागा वाटत होती. "पुढे आई. इथे मी. मुलं खिडकीशी." मग मागे वळून, जिथे गुडघे हनुवटीला लागतील अशा दोन छोट्या सीट होत्या तिकडे बोट दाखवत म्हणाली, "आणि तिथे ताई."

मी डिकीकडे गेले. तळाची फळी उचलली आणि खाली चार्जिंगची केबल सापडली. कंपनीच्या प्लास्टिकमध्ये, वरचा चिकटपट्टीचा सील तसाच.

"डॉक्टर साहब, ये तो खोली ही नहीं," मी म्हणाले.

"अरे, कौन रोज़ लगाए," ते हसले. "पेट्रोल पे ही चलाई. पंप तो पास में है."

मला त्यांचा राग आला. जी गोष्ट मिळावी म्हणून माणूस अंगणात खड्डा खणतो, ती यांनी सील न तोडता ठेवली होती. पण रागाच्या खाली बरंही वाटलं. कधीच चार्ज न केलेली बॅटरी धड असेलच असं नाही. मी सील तोडला, केबल बंगल्याच्या गॅरेजमधल्या पॉइंटला लावली आणि दुसरं टोक गाडीत घातलं. केबलच्या डबीवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली. पुन्हा लाल.

"म्हणजे काय, ताई?" बहिणीच्या नवऱ्यानं विचारलं.

"चार्ज घेऊन नाही राहिली," मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. मला आतून अगदी गार वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी चहा आणला. कप हातात घेऊन मी गॅरेजच्या भिंतीकडे पाहत होते. बोर्ड जुना, काळा पडलेला, वायर कापडात गुंडाळलेल्या. अर्थिंग नसलं तर ही केबल करंट घेतच नाही, लाल दिवा दाखवते, हे माझ्या इलेक्ट्रिशियननं खड्डा खणताना मला दोनदा बजावलं होतं. म्हणजे खोट गाडीत असेल किंवा या भिंतीत. मला कुणी विचारलं नव्हतं. मी चहा पीत राहिले.

बहिणीच्या नवऱ्यानं कप खाली ठेवला. "ताई म्हणताहेत तर राहू दे. नको घ्यायला."

मी धाकटीकडे पाहिलं. आता ती वाद घालेल, तुला आमचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही म्हणेल, असं मला वाटलं. तिनं तसं म्हणावं अशी माझी इच्छाही होती. ती फक्त "बरं" म्हणाली आणि पायरीशी काढलेल्या चपला घालायला लागली. तोंड एवढंसं झालं होतं, पण माझ्या शब्दावर तिला काही विचारायचंच नव्हतं. ती भांडली असती तर मी गप्प बसले असते.

"थांब," मी म्हणाले. "इथल्या वायरिंगमुळेसुद्धा तसं होऊ शकतं. माझ्याकडे लावून पाहू."

डॉक्टरांनी लगेच किल्ली दिली. बहिणीच्या नवऱ्याच्या बँकेत त्यांचं खातं होतं, ओळख होती. "शाम तक ले आना," म्हणाले.

गढ्यातली आमची गल्ली त्या गाडीला पुरेना. माझी जुनी छोटी गाडी पोर्चमधून काढून मी बाहेर कडुलिंबाखाली लावली आणि ती राखाडी गाडी आत घेतली. स्टिअरिंगवर मीच होते. तिचा आवाज नाही, धक्का नाही, आरशात सगळं घर दिसत होतं. उतरावंसं वाटेना.

कूलरची जुनी पिन बाहेर काढली. केबल लावली. दिवा हिरवा झाला.

"लागलं का गं?" आईनं पायरीवरून विचारलं.

"लागलं," मी म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. त्या पॉइंटवर पहिल्यांदा गाडी लागली तेव्हा ती माझी नव्हती, एवढंच डोक्यात फिरत होतं. बाहेर धाकटी तिच्या मुलांना फोनवर सांगत होती, "मावशीकडे चार्ज होतेय, मावशीकडे."

सगळे जेवले, दुपारची झोप झाली, ऊन उतरलं तेव्हा चार्जिंग पूर्ण झालं होतं. आम्ही शहपुऱ्याच्या रस्त्यानं नुसत्या बॅटरीवर गाडी काढली. मी पुढे बसून स्क्रीनवरचे आकडे पाहत होते. बॅटरीची ताकद नव्यापेक्षा थोडी कमी झालेली होती, पण जेवढं दाखवत होती तेवढं देत होती. पेट्रोलचं इंजिन मधे सुरू करून पाहिलं, तेही लोण्यासारखं. माझ्या गाडीत बसली की आई लिंबू हुंगत बसते. इथे ती खिडकीबाहेर गव्हाची शेतं पाहत म्हणाली, "यात काहीच मळमळून नाही राहिलं." माझ्या अगदी जिव्हारी लागलं ते.

परतताना बहिणीच्या नवऱ्यानं विचारलं, "मग ताई? तुमचं मत?"

"टायर बदलून घ्या," मी म्हणाले. "बाकी डोळे झाकून घ्या."

त्यांनी घेतली.

पुढचा घोळ कुणाच्या ध्यानात आला नव्हता. ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तिथल्या सोसायटीनं पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला साफ नकार दिला. त्यामुळे गाडी माझ्याकडे येते. दर दोन-तीन दिवसांनी धाकटी ती पोर्चमध्ये लावते आणि माझी गाडी कडुलिंबाखाली जाते. मग मी काचेवरची पाखरांची घाण पुसते आणि आत उभ्या असलेल्या गाडीकडे पाहते. सवय होईल असं आई म्हणते. झालेली नाही.

चार्जिंग होईपर्यंत धाकटी थांबते. आईच्या पायाला तेल लावते, मग माझ्याजवळ येऊन बसते. एकदा ती पोर्चमधल्या खड्ड्याच्या सिमेंटच्या झाकणाकडे पाहत म्हणाली, "हे खणलंस तेव्हा तू कुणाला विचारलं होतंस?"

"कुणाला विचारायचं? काहून?"

"काही नाही. आमच्या गाडीचा रंग मला आवडलाय का, हेसुद्धा मला कुणी विचारलं नाही."

"नाही आवडला?"

"मला लाल हवी होती," ती म्हणाली आणि हसली.

ती माझं मन राखायला बोलत होती की खरंच, हे मला आजही ठरवता येत नाही. लाल गाडी हवी होती म्हणून राखाडी गाडीवाल्या बाईची कीव यावी इतकी मी मोठ्या मनाची नाही.

गेल्या महिन्यात माझी गाडी क्लचच्या कामाला पडली. धाकटीनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "दोन दिवस तूच वापर, आम्ही रिक्षानं जाऊ." मी तीच घेऊन गोहलपूरला एका ठोकलेल्या टेम्पोची पाहणी करायला गेले. बॅटरीवर असल्यानं आवाज न होता गाडी दारात येऊन उभी राहिली तसा गॅरेजवाला बाहेर आला. त्यानं तिच्याभोवती फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला.

"दीदी, क्या गाड़ी ली है," तो म्हणाला. "कब ली?"

"जनवरी में," मी म्हणाले, आणि टॉर्च घेऊन टेम्पोखाली शिरले.