वाटीभर खडे

सुलेखा हिवराळे सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होती. तेवढ्या काळात तिनं शेकडो लोकांच्या नाकातून पोटात नळ्या घातल्या आणि तिचा हात एकदाही थरथरला नाही. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी डॉक्टर विश्वजीत तिला म्हणाले, "सिस्टर, सासूबाई आत्ता तेहतीस किलो आहेत. बत्तीसच्या खाली गेल्या की नळी घालावी लागेल. तुम्हीच घाला घरी. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही." तेव्हा सुलेखाला पहिल्यांदा कळलं की परकं नाक वेगळं आणि घरचं नाक वेगळं.

हे विश्वजीत तिच्याच वॉर्डात शिकलेले. एकदा पेशंटची शीर सापडेना म्हणून घामाघूम झाले होते, तेव्हा तिनं सगळ्या वॉर्डासमोर त्यांना झापलं होतं, "आधी हात बघा, मग सुई धरा." आता त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, बाहेर चप्पल काढायला वेगळी जागा होती, पण सुलेखासमोर ते अजून जरा सरळ बसत.

सासूबाईंचं नाव गीताबाई. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास. नेमकं कुणाला ठाऊक नाही, कारण जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर असते आणि गीताबाईंनी शाळा बाहेरूनच पाहिलेली. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात त्यांनी चाळीस वर्षं धान्य निवडलं. ज्वारी, बाजरी, हरभरा, जे पोतं पुढ्यात येईल ते. पाखडायचं, चाळायचं, खडे वेचायचे आणि दिवस मावळताना वेचलेले खडे मुकादमाला दाखवायचे. खडे कमी भरले की मुकादम विचारायचा, "आज डोळा लागला होता काय?" त्या खड्यांवर त्यांचा मुलगा राजकुमार शिकला, एसटीत कंडक्टर झाला आणि नर्स बायको करून शहरात आला. गीताबाई मात्र लासूरलाच राहिल्या. फेब्रुवारीत ओट्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग त्यांना सिडकोतल्या घरी आणून खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं.

तिथं त्यांनी जेवण सोडलं. रुसल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त ताट आलं की म्हणायच्या, "भूक नाय."

"का नाही, आत्याबाई?"

"बसून खायचं व्हय? काम केल्याबगर घास उतरत नाय."

सुलेखानं हे ऐकलं आणि सोडून दिलं. पेशंट काय वाट्टेल ते बोलतात. नोंद तापाची आणि लघवीची करायची असते.

खूप मागं लागलं तर गीताबाई म्हणत, "एकच दे." एक तुकडा, एक फोड, चहात बुडवून पुड्यातलं एक बिस्कीट. दुसऱ्याला हात लावायच्या नाहीत. पुड्यातल्या बिस्किटात पंचवीस उष्मांक असतात. तेवढ्यावर पोपट जगतो. सुलेखा दर रविवारी त्यांना धरून वजनकाट्यावर उभी करायची. एका रविवारी काटा बत्तीस पूर्णांक सहावर आला. त्या दिवशी तिनं ठरवलं, एकच खायचं आहे ना, मग ते एक मोठं करू.

तिनं पुण्याला मुलीला, मोनिकाला, फोन लावला.

"मम्मी, कुकीज कर. मी दिलेला ओव्हन आहे ना?"

"आहे. त्यात कांदे ठेवते मी."

"कांदे काढ. ओट्स घाल, शेंगदाण्याचं कूट घाल, तूप, गूळ, अंडी. आणि चॉकलेट चिप्स."

"चॉकलेट कशाला? त्यांना दात नाहीत."

"चॉकलेट तोंडात विरघळतं, मम्मी. त्याच्याशिवाय ती कुकी नाही, नुसती गोड भाकरी."

सुलेखानं औरंगपुऱ्यात जाऊन केकचं सामान मिळतं त्या दुकानातून चिप्सचं पाकीट आणलं. तूप आणि गूळ फेसला, अंडी फोडली, कणीक, ओट्स आणि जाडसर कूट कालवलं, वरून दोन मुठी चिप्स. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं. मग लिंबाएवढा गोळा घे असं मोनिकानं सांगितलं होतं, तिथं हिनं मोसंबीएवढा घेतला आणि तळहातानं दाबला. एका ट्रेत चारच मावली.

पहिला घाणा वाया गेला. अठरा मिनिटांनी बघितलं तर कुकी मऊ. कच्ची राहिली म्हणून तिनं आणखी पंधरा मिनिटं भाजली. गरम असताना मऊच असते, गार झाल्यावर धरते, हे मोनिका सांगायचं विसरली होती. गार झाल्यावर ती अशी धरली की राजकुमारनं बत्ता आणला.

"दवाखान्यात प्लॅस्टर घालायला चालतील," तो म्हणाला.

"तुम्हाला साखर आहे. तुम्ही बोलू नका."

दुसरा घाणा नीट झाला. कडा खरपूस, मधे मऊ, बशी भरून उरेल एवढी एकेक कुकी. वजन सव्वाशे ग्रॅम, उष्मांक पाचशेच्या वर. सुलेखानं बशी गीताबाईंच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी दुधाचा पेला.

गीताबाईंनी कुकी उन्हाकडं धरली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला होता, त्या डोळ्यानं नीट पाहिलं. मग नखानं एक चिप उकरून बाहेर काढली आणि बशीच्या कडेला ठेवली. मग दुसरी.

"आत्याबाई, काय करताय?"

"खडं हायत."

"खडे नाहीत ते. चॉकलेट आहे."

"व्हय व्हय," गीताबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं आडते त्यांना सांगत आले होते की मालात खडे नाहीत. "लई काळं खडं हायत. कोणत्या चक्कीवर दळून आणलं?"

"दळणात नाही. मी घातलंय ते. मुद्दाम."

गीताबाईंनी मान वर करून सुनेकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घालून काम चालू ठेवलं. भाकरीत मुद्दाम खडे घालते असं सांगणाऱ्या बाईशी बोलण्यात अर्थ नसतो.

पाऊण तास त्यांचं निवडणं चाललं. कुकीचा भुगा झाला. बत्तीस चिप्स कडेला ओळीनं लागल्या. मग त्यांनी भुग्यावर दूध ओतलं, कुस्करलं आणि बशी चाटून पुसून ठेवली. खडे एका वाटीत घालून सुनेच्या हातात दिले.

"बघून घे," त्या म्हणाल्या.

सुलेखानं वाटी ओट्यावर ठेवली. सात दिवस असंच चाललं. रविवारी काटा बत्तीस पूर्णांक आठ. दोनशे ग्रॅम वाढले.

कुणीही शहाणी बाई इथं थांबली असती. पण सुलेखा पडली शिस्तीची. चॉकलेट वाटीत जातं म्हणजे शंभर उष्मांक वाया. निवडण्यात पाऊण तास जातो, दूध गार होतं. चिप्सच घातल्या नाहीत तर म्हातारी लवकर खाईल आणि जास्त खाईल. तिनं पुढचा घाणा चिप्सशिवाय केला. चॉकलेटची भर काढायला तूप वाढवलं.

गीताबाईंनी कुकी उन्हाकडं धरली. उलटी केली. बोटानं चाचपली. बशीत ठेवून दिली.

"का हो?"

"भूक नाय."

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी "एकच दे" म्हणून पुड्यातलं बिस्कीट चहात बुडवलं, तेही अर्धं. सुलेखानं तूप कमी केलं, मग वेलची घातली, मग चमच्यानं भरवायला गेली. गीताबाईंनी तोंड मिटून घेतलं आणि खिडकीकडं वळवलं. रविवारी काटा बत्तीस पूर्णांक एक.

सोमवारी सुलेखानं कपाटावरची जुनी बॅग काढली. नळीचं पाकीट आणि जेली बाहेर काढून टेबलावर ठेवली. राजकुमार ते बघत उभा राहिला. एसटीत तो कसल्याही भांडणात मधे पडायचा, घरात कधी पडत नसे.

"आई अशीच होती," तो म्हणाला. "मोंढा बंद असला की सकाळपासून उपाशी बसायची. मग शेजारच्या सरूबाईकडून सूपभर ज्वारी आणायची, ती निवडून द्यायची आणि मग जेवायची. सरूबाई म्हणायची, अगं आधी दोन घास खा. ही म्हणायची, आधी खडं काढू दे."

सुलेखा टेबलाशी उभी होती. "हे तुम्ही आज सांगताय?"

"तू विचारलं नाहीस. तू वजन विचारत होतीस."

तिनं नळीचं पाकीट बॅगेत टाकलं आणि फ्रिजमधलं पीठ बाहेर काढलं. या वेळी चिप्स दोन मुठी नाही, तीन मुठी.

कुकी गार झाल्यावर तिनं ती पलंगावर नेली. गीताबाईंनी उन्हाकडं धरली आणि थोड्या सावरून बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात तर मागच्यापेक्षा जास्ती हायत. सुलेखा, नर्स झालीस पण तुला निवडता येईना व्हय? एवढाल्ले खडं दिसत नायत?"

दार उघडं होतं. समोरच्या साळूबाई भाजी घेऊन चालल्या होत्या, त्या ऐकायला थांबल्या. साळूबाईंना सुलेखानं बीपीच्या गोळ्यांवरून तीनदा झापलेलं होतं, त्यामुळं त्या नीट थांबल्या.

सुलेखाच्या तोंडात उत्तर तयार होतं. हे चॉकलेट आहे, दोनशे रुपये पाव किलो, मी एकतीस वर्षं नोकरी केली आहे आणि माझ्या घरातल्या धान्यात आजवर एक खडा निघालेला नाही. तिनं ते गिळलं. औषधापेक्षा कडू लागलं.

"राहून गेलं निवडायचं, आत्याबाई."

"ऱ्हाऊन जातं. तुमची पोटं भरलेली असत्यात." गीताबाईंनी पहिला खडा काढला. "दूध आण. गरम आण."

त्यानंतर रोज एक. खडे वाटीत, वाटी सुनेच्या हातात. सुलेखा मुकादमासारखी वाटी हलवून बघायची आणि म्हणायची, "आज बरेच निघाले." एकदा घाईत चिप्स कमी पडल्या आणि ती म्हणाली, "आज कमी दिसतात." त्यावर गीताबाई दिवसभर अस्वस्थ होत्या. वाटीतल्या चिप्स ओट्यावरून कुठं जातात हे राजकुमारची उपाशीपोटीची साखर दीडशेवर गेली तेव्हा कळलं. त्यानंतर वाटी कुलपात.

महिन्यानं गीताबाईंना डॉक्टर विश्वजीतांकडं नेलं. काट्यावर चौतीस पूर्णांक दोन. विश्वजीतांनी पुन्हा उभं करून बघितलं. तेवढंच.

"आजी, काय खाता?"

"सूनबाईची भाकर. मोठाली असती. खडं लई असत्यात, पण निवडून खाती मी."

विश्वजीतांनी सुलेखाकडं पाहिलं. तोवर गीताबाईंनी कनवटीची पुडी सोडली आणि त्यांच्या टेबलावर, तपासणीच्या कागदांवर, सकाळचे खडे ओतले. "ह्ये बघा. एका भाकरीतले."

डॉक्टरांनी एक उचलला. बोटाला चिकटला. त्यांनी बोट नाकाशी नेलं, आणि सुलेखाकडं असे बघत राहिले, जणू आता सिस्टर काहीतरी समजावून सांगतील.

"खडेच आहेत ते, डॉक्टर," सुलेखा म्हणाली.

विश्वजीतांनी मान हलवली. कागदावर लिहिलं, नळीची गरज नाही, आहे तोच आहार चालू. मग पेन ठेवलं.

"हिला सांगा जरा," गीताबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकंल."

विश्वजीत खुर्चीत मागं रेलून बसले. सुलेखासमोर असे ते पहिल्यांदाच बसले होते. "सिस्टर," ते म्हणाले, "आधी पीठ बघा, मग मळा."

सुलेखानं खडे पुडीत गोळा केले, पुडी सासूच्या कनवटीला खोचली आणि तिला उठवायला हात दिला.

"हो, सर," ती म्हणाली.