दहाच्या दोन रिंगा

आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये चार मराठी घरं जमली की आधी पोटपूजा, मग आईवडिलांचे किस्से! भारतातून आणलेल्या म्हाताऱ्यांनी या आठवड्यात काय काय केलं, हे सांगता सांगता आमची हसून पुरेवाट होते. हे किस्से संपत नाहीत, कारण म्हातारी माणसं रोज नवा पुरवतात. पण नीट बघितलंत तर हसताना प्रत्येकाचं अर्धं लक्ष फोनकडे असतं. घरी कुणीतरी एकटं असतं ना!

आमच्या घरी माई, माझ्या सासूबाई, साताऱ्याच्या. विनय आणि मी नोकरीला, लेक नेहा शाळेत, आणि डायबेटिस असलेल्या माई दिवसभर टाउनहाऊसमध्ये एकट्या. संध्याकाळी दाराला किल्ली लावताना रोज मी आधी कानोसा घ्यायची. आत टीव्हीचा आवाज आला की मगच ती फिरवायची.

* * *

माईंचा इथला पहिलाच डिसेंबर. सासऱ्यांची तिथी होती. माईंनी साग्रसंगीत स्वयंपाक केला आणि कावळ्यासाठी पान घेऊन मागच्या दाराने बर्फात गेल्या. अंगावर साडी, पायात चपला. मागे दार खटकन लॉक झालं!

शेजारच्या बार्बराला खिडकीतून दिसलं, म्हणून बरं. तिने त्यांना घरात नेऊन ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि मला ऑफिसात फोन केला. फ्रीवेवरून गाडी कशी हाणली, मलाच ठाऊक. माईंचे ओठ निळे पडले होते.

"अहो माई, हाक तरी मारायची तिला!"

"ओळखदेख नसताना कुणाच्या दारात कसं जायचं?" माई म्हणाल्या. "आणि कावळा काही आला नाही गं!"

* * *

त्यावर माईंनी आणि कुसुममावशींनी स्वतःच तोड काढली. कुसुममावशी म्हणजे आमच्याच वसाहतीत पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या डॉक्टरांच्या आई. त्याही दिवसभर एकट्या. कामाच्या दिवशी रोज सकाळी दहाला माईंनी त्यांच्याकडे फोन लावायचा, दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. मग त्यांनी तसाच उलटा द्यायचा. म्हणजे दोघीही ठीक!

विनय म्हणाला, "आई, इथे लोकल कॉल फुकट असतो. उचलून बोला की!"

"बोलायला दुपार पडली आहे. ही नुसती आहोत म्हणून खूण."

* * *

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. गप्पा रंगात आलेल्या आणि कुसुममावशी अचानक घामाने चिंब. हात थरथरायला लागले, धड बोलता येईना. आईला न्यायला आलेले डॉक्टर बुटांसकट आत धावले. "काय खाल्लं हिने?"

"लाडू चार खाल्ले," माई म्हणाल्या. "म्हटलं साखर वाढेल, म्हणून माझ्यातली गोळी दिली. आपण एकटीनेच कशी घ्यायची?"

"माझ्या आईला डायबेटिस नाहीये, माई!" डॉक्टर ओरडले आणि आईला चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजू लागले. पंधरा-वीस मिनिटांनी कुसुममावशींनी डोळे नीट उघडले.

माई म्हणाल्या, "बघा, गोळी किती गुणाची आहे!"

बायका हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

* * *

डॉक्टरांचंही सांगते. हार्टचे सर्जन. पहाटे अंधारात घर सोडणार, लोकांची हृदयं हातात घेणार, कशाला म्हणून घाबरणार नाहीत. पण रविवारी दुपारी आई झोपली की हे दर थोड्या वेळाने चवड्यांवर चालत जाऊन तिच्या नाकाशी बोट धरायचे!

एकदा कुसुममावशींनी डोळे न उघडताच सांगितलं, "आहे अजून. चहा टाक."

* * *

मग एप्रिलमधला तो सोमवार. आदल्या दिवशी, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर पुढे झालेली. माईंच्या खोलीतलं साताऱ्याचं गजराचं घड्याळ पुढे करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दहा वाजले. कुसुममावशींकडे रिंग नाही. त्यांनी फोन लावला तर कुणी उचलेना. त्यांनी लेकाला ऑपरेशनमधून बाहेर बोलावलं, लेकाने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि मला कळवलं. मी पोचले तर दारात दोन लाल दिव्यांच्या गाड्या आणि दार फोडलेलं. जिना चढताना मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होते. म्हणजे पहिल्याच दोन ओळी, पुन्हा पुन्हा.

माई ओल्या केसांनी पलंगावर बसलेल्या आणि समोर तीन धिप्पाड माणसं उभी. एकजण त्यांची नाडी बघत होता.

"आंघोळीला गेले होते गं," माई म्हणाल्या. "दहा वाजायला अजून अवकाश आहे ना!"

* * *

त्या ऑक्टोबरात कुसुममावशी एका दुपारी झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. आता माईंचं कसं होणार, या काळजीने माझी झोप उडाली. त्यांची खबर घ्यायला दिवसभरात आता कुणीच नव्हतं.

पुढच्या महिन्यात एकदा तापामुळे मी घरी होते. दहाला माई उठल्या, त्यांनी किचनमधला फोन घेतला, नंबर फिरवला, दोन रिंगा दिल्या आणि ठेवला. यांच्या डोक्यावर परिणाम झाला की काय!

"माई, कुसुममावशी आता नाहीत," मी हळूच म्हटलं.

"माहितीये मला. पण मी आहे ना अजून? कुणाला तरी कळायला नको?"

तेवढ्यात आमचा फोन वाजला. दोनदा. मग थांबला.

"चला," माई म्हणाल्या, "चहा टाकते."

पुढच्याच शनिवारी डॉक्टरांकडे सगळे जमलो होतो. विनयने सहज विचारलं, "काय डॉक्टर, हल्ली सकाळी तुमची गाडी घरासमोर दिसते. पहाटे जात नाही वाटतं?"

"छे," डॉक्टर माईंच्या ताटात भात वाढत म्हणाले, "दहाला फोन असतो. तो झाला की निघतो."