धुऱ्यावरचे नाना

वसंतनाना गेले, हे सांगणारा दादाचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या बसस्टँडवर उभी होते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मग आता धुऱ्यावर कोण?" माणूस जाऊन तासही झाला नव्हता आणि मला शेताच्या बांधाची पडली होती. पण पुढचे कित्येक आठवडे तोच प्रश्न घेऊन मी घरभर येरझाऱ्या घालत होते. धड जेवण जात नव्हतं, धड बसवत नव्हतं.

नाना वडिलांचे चुलतभाऊ. फौजेत हवालदार होते आणि नोकरीतला काही काळ त्यांनी आफ्रिकेत, शांतिसेनेत काढला. आमच्या गावी, मेडशीला परतल्यावर शाळेने त्यांना भाषणाला बोलावलं. पोरांनी विचारलं, किती मारले? नाना म्हणाले, "एकबी नाही." पोरांची तोंडं पडली. मग गुरुजींनी ती सेना मुळात कशी उभी राहिली ते विचारलं. मोठ्या लढाईत सगळं जग पोळलं, म्हणून देशांनी एकत्र बसून एक संघटना काढली, इथपर्यंत नानांनी पुस्तकी मराठीत सांगितलं आणि पुढे त्यांना दम निघेना. "पण तिची सोताची फौज नाही बापा. भंडाऱ्याच्या पंगतीवाणी हाये. कोणाचं पीठ, कोणाची दाळ, कोणाचं सरपण. आपल्या देशानं मले देलं."

वडील गेल्यावर माझे भाऊ, दादा आणि धाकटा विजू, यांच्यात शेताची वाटणी झाली आणि मधला धुरा दोघांच्या डोळ्यांत खुपू लागला. एका वर्षी विजूच्या ट्रॅक्टरने तो कोरला. दादा फावडं घेऊन धावला, विजूने काठी उचलली. नाना रिकाम्या हातांनी आले आणि धुऱ्यावर उभे राहिले. विजू ओरडला, "नाना, तुमी मंधात कायले पडता?" नाना शांतपणे म्हणाले, "पडून नाही राह्यलो. उभा हाओ." दिवस कलेपर्यंत ते हलले नाहीत. तेव्हापासून दरवर्षी वखरणी-पेरणीला नाना धुऱ्यावर, हे ठरूनच गेलं. गाव हसायचं. भांडण मिटवता येत नाही आणि नुसते खांबासारखे उभे राहतात, असं मलाही वाटायचं.

एकदा चिडून मी त्यांना विचारलंच, "तिकडे आफ्रिकेत तरी तुमच्या उभं राहण्याचा काय उपयोग झाला?" ते बराच वेळ अंगणात चकरा मारत राहिले. त्यांना एका जागी बसणं जमतच नसे. मग म्हणाले, "नदीपलीकडच्या वस्तीतून धूर निंगाला. आमाले जाचा हुकूम नोता. हुकूम आला तवा वस्तीच नोती... जिथं उभे होतो तिथली लेकरं वाचली, कुंदा. जिथं नोतो तिथली अजून झोपू देत नाहीत."

गेल्या आठवड्यात दोघांनीही वखरणीला एकाच दिवशी ट्रॅक्टर सांगितले. मी सकाळची एसटी धरली आणि धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. मधे उभ्या माणसाला दोन्हीकडची भीती वाटते, हे नानांनी कधी सांगितलंच नव्हतं. "ताई, घरी जा," विजू म्हणाला. दादाने मान फिरवली. मी जागची हलले नाही. दोन्ही ट्रॅक्टर धुऱ्यापासून हातभर अंतर ठेवून गेले. ऊन उतरल्यावर मी चपला झटकून घातल्या आणि निघाले, तोच मागून दोघांनी एकदमच विचारलं, "उद्याबी येशीन ना?"

इतक्या वर्षांनी त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं होतं. आणि नाना गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं.