अक्कांच्या राज्यात लपणं

"बघतंय कोण?"

खेळात कुणी "मी लपलो" म्हणालं की अक्का चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायच्या. उत्तराची वाट बघत नसत. अक्का दातांच्या डॉक्टर. आयुष्यभर त्या तोंड उघडून बसलेल्या माणसांशीच बोललेल्या.

सात रस्ता चौकाजवळ खाली त्यांचा दवाखाना, वर घर. रविवारी दुपारी पेशंटच्या बाकड्यांवर आम्ही चौघं जमायचो. खेळ असा: प्रत्येकानं कागदावर एक पात्र रचायचं. अक्का गोष्ट सांगणार, आपण आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासे आणि एक जाडजूड नियमपुस्तक ठरवणार. लेकीनं कॉलेजात असताना हा खेळ घरी आणला. ती नोकरीला बंगळुरूला गेली, खेळ आईकडे राहिला.

माझं पात्र चोराचं. मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे पळवाटा शोधणं हा माझा एकमेव व्यायाम. लपण्याचे नियम त्या पुस्तकात तीन ठिकाणी विखुरलेले होते आणि तिघांचं आपापसात पटत नव्हतं. मी त्यावर तळटीपांसह टिपण काढलं होतं. कुणी मागितलं नव्हतं.

त्या रविवारी माझा चोर राजाच्या दरबारात पडद्यामागे लपला. फासे झकास पडले. मग मी जाहीर केलं, की आता तो तसाच लपलेल्या अवस्थेत दरबार ओलांडून जातो आणि सिंहासनाजवळची किल्ली उचलतो. पकडला गेला तर मुंडकं उडणार होतं. इतक्या रविवारी जपलेलं पात्र संपलं असतं.

"दिवे लागलेत की हो सर," अक्का म्हणाल्या.

"लागू देत. एकदा लपलेला माणूस कुणी शोधून काढेपर्यंत लपलेलाच. तसा नियम आहे."

"शोधायला कशाला लागतंय? समोरून चाललाय की!"

"'समोर' या शब्दाची व्याख्या पुस्तकात नाही, अक्का."

औषधांचं दुकान चालवणारा इरफान आमच्यातला योद्धा. तो म्हणाला, "सर, तुमे दरवाजे में नै मावते, छुपने कू चले!"

अक्कांनी पुस्तक मिटलं. "बरं. वर जावा. सासूबाई टीव्ही बघत बसल्यात. त्यांच्या समोरून स्वयंपाकघरात जाऊन शेंगाचटणीची बरणी आणा. दिसला नाहीत तर चोर जगला. दिसलात तर गेला."

मी गेलो. पन्नाशीचा प्राध्यापक सोफ्यामागून रांगत गेला, हे इथं नोंदवलेलं बरं. गुडघे कडाडले, पण मालिकेत नेमकं कुणीतरी हंबरडा फोडला. आजींची मानसुद्धा हलली नाही. बरणी घेतली, जिन्यात बोटभर चटणी चाटली आणि विजयी वीराच्या आवेशात ती टेबलावर आदळली.

तेवढ्यात वरून आवाज आला. आजी एरवी सुनेशी तेलुगूत बोलायच्या, पण आत्ता मला कळावं म्हणून मराठीत होत्या. "अगं, नुसती चटणी काय देतीस सरांना? लई तिखट हाय. दही ने म्हणावं. आणि पुढच्या टायमाला उभ्यानं ये म्हणावं, गुडघे जातील!"

मी शेवटचा मुद्दा काढला. "दिसलो, पण त्या तेव्हा बोलल्या नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे..."

"राजाचं पण तसंच," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पडद्याबाहेर पाऊल टाकलं तेव्हाच त्यानं बघितलं. पाहुणा दिसतोय म्हणून बोलला नाही. आता तुम्ही पुढ्यात उभे. राजा विचारतोय, काय पाहिजे?"

एका वाक्यावर चोराचा जीव होता. माझ्याकडे तीन युक्तिवाद तयार होते. पण चटणी आता घशात उतरली होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पाणी," मी म्हणालो.

इरफान बाकड्यावरून पडायचा राहिला. अक्का मात्र हसल्या नाहीत. न्यायाधीशाच्या थाटात त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग उठून पेशंटच्या चूळ भरायच्या ग्लासातून मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पाणी मागणाऱ्यावर आमचा राजा तलवार उचलत नाही. प्या."

चोर जगला. पुढे दवाखाना बंद करून अक्का लेकीकडे जाईपर्यंत तो त्या राजवाड्यात पुढच्याच दारानं जायचा. पहारेकरी उठून नमस्कार करायचे, ख्यालीखुशाली विचारायचे. चोर म्हणून त्याचं नाव पार बुडालं.