पूनमसिंगचं इंजिन

पूनमसिंग म्हंजे एक नंबरचा भांडखोर मानूस. माही चहाची टपरी यवतमाळच्या जुन्या स्टेशनासमोर, अन् टपरीसमोर ते शोभेले ठेवलेलं काळं वाफेचं इंजिन. त्याले कोनी टेकलं का हा तांड्यावरचा म्हातारा अंगावर धावून येते. जवानीभर यानंच त्या इंजिनात कोळसा झोकला, हात पोळून घेतले. फोटो मातर निघाले ते साहेबाइचे अन् डायवराचे. याले कोनी कधी बोलावलंच नाही. मरायच्या आंधी इंजिनासंगं आपला एक फोटो पाहिजे, एवढंच त्याचं मागनं. मोबाइलातला चालत नाही. हातात धरता आला पाहिजे म्हनते.

दिवाळीनंतर पुन्याचा एक फोटोवाला आला. लाकडी पेटीचा कॅमेरा, काळा तंबू, औषधाच्या बाटल्या. आजा-पंज्याच्या जमान्यासारखा काळ्या काचेवर फोटो काढतो म्हने.

"आजोबा, बाजूला व्हा. मला फोटोत माणूस नको."

"आजोबा कोनाचा रे? इंजिन तुह्या बापाचं हाये का?" पूनमसिंग चाकाले पाठ लावून उभा. "माहा फोटो काढ, नाही तं कॅमेऱ्यावर गोटा घालतो!" वरून आपल्या बंजाऱ्याइच्या गोरबोलीत एक शिवी हासडली, ते मी सांगत नाही.

फोटोवाल्यानं दात-ओठ खाल्ले. मंग एकदम गोड झाला. "बरं, या तुम्हीपण. पण नुसते उभे राहू नका. इंजिन पुसत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहा. अजिबात थांबायचं नाही."

म्हातारा असा खूश झाला का काय सांगू! पागोटं नीट केलं, कापडाचा बोळा घेतला अन् जोर लावून पुसत सुटला. कॅमेऱ्याचं झाकन काढून तो फोटोवाला घड्याळ पाहत उभा. लय वेळ लागला बापा! पूनमसिंग घामाघूम झाला, पन थांबला नाही.

तंबूतून काच बाहेर आली. औषधाच्या पान्यात धुतली तसं इंजिन उमटलं. चाकं, धुराडं, सारं लखलखीत. मानूसच नाही.

"मी कुठी हावो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"यात हलणारा माणूस उमटत नाही," फोटोवाला हसला. "मला इंजिनच हवं होतं."

माहं डोकंच फिरलं. "अरे मुडद्या, त्याले घडीभर उभं राहू देल्लं असतं तं तुहं काय झिजलं असतं?" मी चहाची पळी घेऊन धावलीच.

पूनमसिंगनं मले मागं सारलं. काचेवर वाकला. "या चाकापाशी होतो मी," म्हने.

"हात लावू नका, ओली आहे!" फोटोवाला वरडला.

पूनमसिंगनं चाकापाशी आंगठा टेकवला अन् रगडला. तिथलं इंजिन आंगठ्याले लागून आलं, अन् काचेवर एक उभा काळा डाग राह्यला.

"आता दिसून राह्यलो," तो म्हने.